लेडीबगचे ठिपके कसे वाचायचे

लेडीबगच्या पाठीवर जितके ठिपके तितकी त्याची वर्षे, हा समज सर्रास ऐकू येतो. तो साफ चुकीचा आहे. कोषातून बाहेर पडल्यावर सुरुवातीच्या काळात जे ठिपके उमटतात, तेच शेवटपर्यंत राहतात. नंतर एकही वाढत नाही, एकही पुसला जात नाही. बहुतेक जातींचे प्रौढ किडे तर जेमतेम वर्षभर जगतात.

दुसरा समज जास्त घोटाळा करतो, तो म्हणजे ठिपके मोजले की जात कळली. लेडीबग, म्हणजेच ढालकिडे, कॉक्सिनेलिडी या कुळातले. जगभरात त्यांच्या सुमारे ६००० जाती आहेत आणि त्यांतल्या कितीतरी जातींत ठिपक्यांची संख्या किड्यागणिक बदलते. हार्लेक्विन लेडीबगच्या (हार्मोनिया ॲक्सिरिडिस) नारिंगी रूपात कधी एकही ठिपका नसतो, तर कधी २१ पर्यंतही असतात. उलट, काळ्या पाठीवर दोन लाल ठिपके असे वर्णन अनेक वेगवेगळ्या जातींना लागू पडते. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने १७५८ साली यांतल्या बऱ्याच जातींना ठिपक्यांच्या संख्येवरून नावे दिली, आणि त्या नावांमुळे आजही किडा दिसला की लोक आधी मोजायला लागतात. मोजणी उपयोगी आहे, पण ती शेवटी करायची. लांबी, पाठीची चकाकी, डोक्यामागची ढाल आणि पायांचा रंग आधी पाहिला, तर ठिपक्यांपर्यंत पोचेतो बहुतेक पर्याय बाद झालेले असतात.

हाताशी काय हवे

दहा पट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, मऊ केसांचा ० किंवा १ नंबरचा ब्रश, झाकणाची छोटी पारदर्शक डबी आणि पांढरा, चकचकीत नसलेला कागद. एवढ्यात काम भागते. वीस पटीचे भिंग घेऊ नका. त्यातून एका वेळी पाठीचा तुकडाच दिसतो आणि ठिपके एकमेकांच्या संदर्भात पाहता येत नाहीत.

किडा चिमटीत धरू नका. दाबला गेला की तो पायांच्या सांध्यांतून पिवळा, कडवट वासाचा द्रव सोडतो. त्यात अल्कलॉइड नावाची कडू रसायने असतात. कागदावर आणि बोटांवर डाग पडतात, आणि वाळलेला द्रव पंखांच्या कडेला चिकटला तर तो फोटोत हमखास पिवळी खूण म्हणून दिसतो. पानाखाली डबी धरायची आणि ब्रशच्या टोकाने हलकेच ढकलायचे. स्पर्श झाला की बरेचसे ढालकिडे स्वतःच पाय आखडून खाली पडतात.

किडा फार पळत असेल तर डबी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात १० ते १५ मिनिटे ठेवा. फ्रीझरमध्ये कधीही नको. बाहेर काढल्यावर दोन-तीन मिनिटे तो जवळजवळ हलत नाही. मापे आणि फोटो तेवढ्यात उरका, आणि जिथे सापडला तिथेच सोडून द्या. उन्हात डबी ठेवून कुठे जाऊ नका. बंद डबी काही मिनिटांत तापते आणि किडा मरतो.

आधी तो ढालकिडाच आहे का

पाने खाणारे कितीतरी भुंगेरे गोलसर, लाल-पिवळे आणि ठिपकेदार असतात. मिशा पाहा. ढालकिड्याच्या मिशा आखूड, टोकाला जाडसर झालेल्या, आणि बरेचदा डोक्याखाली लपलेल्या असतात. पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या मिशा सहसा लांब आणि दोऱ्यासारख्या, पुढे आलेल्या. भिंगातून पायाच्या टोकाची पेरे मोजता आली तर ढालकिड्याची तीन दिसतात (आणखी एक अगदी बारीक असते आणि लपून राहते), पाने खाणाऱ्या भुंगेऱ्याची चार. डोक्याचा भागही वेगळा. ढालकिड्याचे डोके वरून पाहताना पुढच्या ढालीखाली बरेचसे झाकलेले असते.

पाठीचे भाग

पुढचे दोन पंख कडक होऊन पाठीवर झाकण बनलेले असतात. त्यांना कवचपंख म्हणू. ते जिथे जुळतात ती मधली रेघ. या रेघेच्या पुढच्या टोकाला, कवचपंखांच्या मुळाशी, एक अगदी छोटा त्रिकोण दिसतो. त्याच्या पुढे, डोके आणि कवचपंख यांच्या मधोमध, आडवी ढाल असते, तिला प्रोनोटम म्हणतात. प्रोनोटमवरच्या खुणा ठिपक्यांच्या मोजणीत धरत नाहीत. नवशिक्यांची संख्या दोन-चारने जास्त येते ती बहुधा प्रोनोटमवरच्या खुणा धरल्यामुळे.

जात ठरवताना मात्र हीच ढाल ठिपक्यांहून भरवशाची असते. उदाहरणार्थ, उत्तर अमेरिकेतला हिप्पोडॅमिया कन्व्हर्जन्स. याच्या लाल पाठीवर सहसा बारा-तेरा ठिपके असतात, पण एकही नसलेले किडेही सापडतात. दोन्ही प्रकारच्या किड्यांत काळ्या प्रोनोटमवर दोन पांढऱ्या तिरप्या रेघा मागच्या बाजूला एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. पाठ कोरी असली तरी त्या रेघांवरून तो ओळखता येतो. हार्लेक्विनचे प्रोनोटम पांढरट असते आणि त्यावर काळी खूण रोमन एम किंवा डब्ल्यूसारखी दिसते. कधी ती फुटून चार-पाच ठिपके होतात, कधी भरून एकच काळा चौकोनी डाग. सात ठिपक्यांच्या लेडीबगचे (कॉक्सिनेला सेप्टेमपंक्टाटा) प्रोनोटम काळे, आणि पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक पांढरा डाग.

पाहण्याचा क्रम

किडा कागदावर ठेवा आणि आधी लांबी घ्या, डोक्याच्या टोकापासून कवचपंखांच्या मागच्या टोकापर्यंत. चालताना डोके बाहेर येते आणि लांबी अर्ध्या मिलिमीटरने वाढते, म्हणून किडा थांबलेला असताना मोजा. सात ठिपक्यांचा आणि हार्लेक्विन साधारण ५ ते ८ मिलिमीटर असतात, दोन ठिपक्यांचा (अडालिया बायपंक्टाटा) साधारण ४ ते ५. तीन मिलिमीटरहून लहान किडा असेल तर तो बहुधा स्किम्नससारख्या बारीक ढालकिड्यांच्या गटातला असतो, आणि तिथे नुसत्या भिंगाने जातीपर्यंत पोचणे जवळपास अशक्य आहे. कुळ आणि गट लिहून थांबा.

मग पाठीवर उजेड तिरपा पाडा. पाठ तकतकीत आहे की बारीक लवेमुळे मळकट दिसते? हा प्रश्न पुढे वांग्याच्या किड्यापाशी फार कामाला येतो. पाठीच्या कडेला टोपीच्या काठासारखी पसरट किनार आहे का, तेही बघून ठेवा. कायलोकोरस आणि एक्झोकोमस या गटांत ती स्पष्ट दिसते.

त्यानंतर प्रोनोटम, मग पायांचा आणि पोटाचा रंग. त्यासाठी किडा पारदर्शक डबीत ठेवून खालून पाहायचा, उलटा करायची गरज नाही. आता ठिपक्यांकडे वळा.

ठिपके मोजण्याची रीत

एकाच कवचपंखावरचे ठिपके मोजा आणि दुप्पट करा. दोन्ही बाजू सहसा एकमेकांच्या प्रतिमा असतात, त्यामुळे हे सोपे आणि अचूक. मुळाशी असलेल्या त्या छोट्या त्रिकोणाभोवती ठिपका असेल तर तो मधल्या रेघेवर पसरलेला, दोन्ही पंखांचा मिळून एकच असतो. प्रत्येक पंखावर तो अर्धा धरायचा. ज्या जातीची संख्या विषम असते, तिथे हाच सामाईक ठिपका असतो.

सात ठिपक्यांच्या लेडीबगवर हे नीट दिसते. प्रत्येक पंखावर तीन पूर्ण ठिपके असतात, एक बाहेरच्या कडेकडे, एक मधल्या रेघेच्या जवळ, एक मागच्या भागात. मुळाशी अर्धा. साडेतीन दुणे सात. सामाईक ठिपक्याच्या पुढे दोन्ही बाजूंना दोन छोटे पांढरट डाग असतात, तेही तपासा. पंखावरचे ते तीन ठिपके सारख्या आकाराचे नसतात, आणि काही किड्यांत एखादा इतका बारीक होतो की भिंगाशिवाय दिसत नाही. मग मोजणी पाचावर येते आणि माणूस पाच ठिपक्यांची दुसरीच जात शोधायला लागतो. संख्या पाच आली तर नेहमीच्या जागी टाचणीच्या टोकाएवढा डाग आहे का, हे आधी भिंगाने पाहा.

ठिपके जास्त असतील तर ओळींनी लिहा, पुढून मागे. हार्लेक्विनच्या भरपूर ठिपक्यांच्या रूपाची नोंद एका पंखासाठी अशी होते: ½ + २-३-३-१. म्हणजे मुळाशी अर्धा, पहिल्या ओळीत दोन, मग तीन, मग तीन, टोकाला एक. साडेनऊ दुणे १९. नुसते १९ लिहिण्यापेक्षा ही नोंद कितीतरी जास्त सांगते. पुढे त्याच जातीचा १५ ठिपक्यांचा किडा सापडला तर कोणत्या ओळीतला कोणता ठिपका गेला ते कळते. लिहिण्याआधी वहीत एक अर्धा लंबगोल काढून त्यात ठिपके जागच्या जागी भरले तर ओळी ठरवणे सोपे जाते.

ठिपके जुळतात तेव्हा मोजणी खरी अडते. बऱ्याच जातींत ठिपक्यांच्या जागा बऱ्यापैकी ठरलेल्या असतात. त्यांचा आकार वाढला की शेजारच्या ठिपक्यांना टेकतात आणि पट्टा किंवा जाळी तयार होते. अशा वेळी जुळलेला डाग एक म्हणून मोजू नका. त्याची कडा पाहा. जिथे ती आत वळते, तिथे दोन ठिपके भेटले आहेत. नोंदीत ते कंसात अधिक चिन्ह घालून लिहा, जसे (१+१). १४ ठिपक्यांच्या प्रोपायलियात हे नेहमीचे आहे. पिवळ्या पाठीवर त्याचे ठिपके मुळातच चौकोनी असतात, मधल्या रेघेवर काळी पट्टी असते, आणि ठिपके एकमेकांना व त्या पट्टीला जोडले जाऊन पिवळा रंग तुकड्यातुकड्यांत उरतो. चौकोनी ठिपके ही त्याची खरी खूण आहे. चौदा मोजता आले नाहीत तरी चालते.

दोन पंखांवर संख्या वेगळी आली तर दोन्ही लिहा, डावा आणि उजवा. असा किडा वेगळ्या जातीचा ठरत नाही. कोषात असताना इजा झाली, पंख नीट पसरला नाही किंवा एखादा ठिपका एका बाजूला थोडा लहान राहिला की असे होते.

गडद पाठीवर फिकट ठिपके

लाल पाठीवर काळे ठिपके आणि काळ्या पाठीवर लाल ठिपके हे एकाच जातीत असू शकतात. दोन ठिपक्यांच्या अडालियाचे नेहमीचे रूप लाल, त्यावर दोन काळे ठिपके. त्याच जातीची काळी रूपे असतात, त्यांवर चार किंवा सहा लाल डाग. हार्लेक्विनचीही दोन काळी रूपे सर्रास दिसतात, चार नारिंगी-लाल डागांचे आणि दोन डागांचे. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा गुंता सावकाश सोडवू.

समजा काळ्या, तकतकीत पाठीवर चार लाल डाग आहेत. पाठीच्या कडेला पसरट किनार असेल, पुढचा लाल डाग स्वल्पविरामासारखा वळलेला असेल आणि प्रोनोटमवर पांढरे काहीच नसेल, तर तो एक्झोकोमस क्वाड्रिपुस्टुलाटस. किनार नसेल तर पाय पाहा. पाय काळे, किडा पाच मिलिमीटरच्या आतबाहेर आणि पुढचा लाल डाग खांद्याच्या बाहेरच्या कडेला टेकलेला असेल तर दोन ठिपक्यांच्या अडालियाचे काळे रूप. पाय तपकिरी, किडा सहा-सात मिलिमीटरचा, घुमटासारखा, आणि प्रोनोटमच्या दोन्ही बाजूंना मोठे पांढरे डाग असतील तर हार्लेक्विन. हार्लेक्विनच्या कवचपंखांच्या मागच्या टोकाजवळ बरेचदा एक आडवा उंचवटा असतो. तिरप्या उजेडात त्याची सावली पडते. दहा ठिपक्यांचा अडालिया (अडालिया डेसेमपंक्टाटा) इथे आणखी गोंधळ घालतो. त्याच्याही रूपांना अंत नाही, पण त्याचे पाय तपकिरी-नारिंगी असतात आणि किडा हार्लेक्विनहून बराच लहान. म्हणून पाय आणि लांबी ही जोडी एकत्रच पाहायची.

ही रूपे कशी ठरतात, हे हार्लेक्विनमध्ये चांगले उलगडले आहे. चिनी आनुवंशशास्त्रज्ञ थान च्याचन यांनी १९४६ साली दाखवले की, आईकडून आणि वडिलांकडून आलेले दोन नमुने एकमेकांवर अंथरल्यासारखे दिसतात. दोहोंपैकी कोणत्याही एका नमुन्यात जिथे काळे आहे, तिथे पिल्लाची पाठ काळी होते. मधलीअधली, कुठल्याच पुस्तकातल्या चित्राशी न जुळणारी पाठ याच कारणाने दिसते. २०१८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी या फरकांमागचे मुख्य जनुक शोधले. त्याचे नाव पॅनिअर.

थंडीचाही हात असतो. हार्लेक्विनच्या नारिंगी रूपात कोषावस्था थंडीत गेली तर ठिपके मोठे आणि जास्त होतात, उबेत गेली तर लहान आणि कमी. एकाच झाडावर दोन हंगामांत वेगळ्या दिसणाऱ्या पाठी दिसल्या म्हणून जात बदलली असे धरू नका. गडद पाठ उन्हात लवकर तापते, त्यामुळे थंड हवेत अशा किड्याला लवकर हालचाल करता येते.

काही जातींत फिकट ठिपके हीच एकमेव रचना असते. कॅल्व्हिया क्वाटुओर्डेसिमगुटाटाच्या तपकिरी पाठीवर १४ मलई रंगाचे ठिपके असतात आणि त्यांतले सहा एका आडव्या ओळीत येतात. ती ओळ सापडली की काम झाले. हॅलिझियाची पाठ नारिंगी आणि ठिपके पांढरे. ॲनाटिस ऑसेलाटात काळ्या ठिपक्यांभोवती फिकट कडी असते. आठ मिलिमीटरच्या आसपासचा मोठा किडा आणि कडीदार ठिपके, एवढ्यावर तो ओळखता येतो.

ठिपके नव्हे, पट्टे

आशियात अगदी नेहमी दिसणाऱ्या चिलोमेनिस सेक्समॅक्युलाटाच्या नावात सहा ठिपके आहेत, पण पाठीवर मोजायला गेले तर हाती काही लागत नाही. पिवळ्या ते लालसर पाठीवर मधल्या रेघेवर काळी पट्टी, प्रत्येक पंखावर दोन नागमोडी आडव्या काळ्या रेघा, आणि मागच्या टोकाजवळ एक काळा ठिपका. नागमोडी रेघा कधी बारीक, कधी इतक्या जाड की पाठ अर्धी काळी. कॉक्सिनेला ट्रान्सव्हर्सालिस त्याच्याजवळ ठेवून पाहण्यासारखा आहे. त्याच्या पंखांवर बाहेरच्या बाजूला जाड, खाचा पडलेले काळे डाग असतात आणि मधली काळी पट्टीही असते. एकात नाजूक वळणदार रेघ, दुसऱ्यात खाचांचा जाड डाग. भिंगाखाली दोन्ही एकदा पाहिले की पुन्हा गल्लत होत नाही. ब्रुमॉइडिस सुचुरॅलिसवर फिकट पाठीवर उभ्या तीन काळ्या पट्ट्या असतात, एक मधोमध आणि दोन बाजूंना.

पाठ कोरीच असेल तर प्रोनोटमकडे वळा. इलेइस सिंक्टाचे कवचपंख लिंबासारखे पिवळे आणि डागविरहित, तर फिकट प्रोनोटमवर दोन काळे ठिपके. हा भुरीची बुरशी खातो, त्यामुळे भुरी पडलेल्या पानांवरच शोधावा. पिवळ्या पाठीवर २२ सुटे काळे ठिपके असलेला सायलोबोराही भुरीच खातो. क्रिप्टोलेमस माँट्रोझिएरीचे कवचपंख काळपट आणि डोके, प्रोनोटम व पंखांचे टोक नारिंगी असते. तो पिठ्या ढेकणांवर सापडतो. कायलोकोरस निग्रिटाचे कवचपंख सगळेच काळे, तो खवले किडींवर सापडतो. खाद्य कोणते हे नोंदवण्याची सवय लावून घ्या. पाठीवर सांगण्यासारखे काही नसते तेव्हा तेच जास्त सांगते.

मित्र की पाने खाणारा

बागायत करणाऱ्याला हा एक भेद यायलाच हवा. बहुतेक ढालकिडे मावा, खवले कीड, पिठ्या ढेकूण खातात. पण एपिलाक्निनी गट पाने खातो. वांगी, बटाटा या कुळातल्या पिकांवरचा हेनोसेपिलाक्ना व्हिजिन्टिऑक्टोपंक्टाटा हा त्यांतला सर्वांत परिचित. नावात २८ ठिपके आहेत. खरे तर प्रत्येक पंखावर सहा ठिपके टिकून असतात आणि बाकीचे लहान ठिपके कमी-जास्त होतात, त्यामुळे २८ भरले नाहीत म्हणून त्याला मित्रकीटक ठरवू नका.

तिरपा उजेड पाडून पाठीकडे बघा. बारीक, दाट लव दिसते आणि विटकरी-तांबूस पाठ चमकत नाही. मावा खाणारे मोठे, रंगीत ढालकिडे तकतकीत असतात. मग पान पाहा. एपिलाक्नाचा किडा आणि अळी दोन शिरांमधला हिरवा भाग खरवडून खातात, त्यामुळे पानावर समांतर रेघांचे झिरझिरीत, जाळीदार चट्टे पडतात. अळी पिवळसर असते आणि अंगावर फांद्या फुटलेले काटे असतात. या तीन गोष्टी जुळल्या तर ठिपके न मोजताही निर्णय घेता येतो. मावा खाणारा किडा त्याच पानावर बसला म्हणून चट्टे त्याने पाडले असे होत नाही. दोघे एकाच झाडावर राहू शकतात, म्हणून दिसेल त्या किड्याला मारण्याआधी लव तपासा.

लवेबाबत सावधान असावे अशी एक जागा आहे. स्किम्नससारख्या अगदी बारीक ढालकिड्यांवर आणि क्रिप्टोलेमसवरही लव असते आणि ते मित्रकीटकच आहेत. त्यांचा आकार आणि रंग वेगळा असतो, म्हणून सहा-सात मिलिमीटरच्या ठिपकेदार किड्यापुरताच लवेचा निकष वापरा.

खोटे ठिपके

फ्लॅश किंवा खिडकीचा उजेड पाठीवर परावर्तित होऊन पांढरा डाग दिसतो. दिवा किंवा किडा थोडा फिरवा. खरी खूण जागेवर राहते, चमक सरकते. प्रोनोटमवरच्या पांढऱ्या डागांची खात्री फोटोवरून करायची असेल तर वेगवेगळ्या बाजूंनी उजेड असलेले किमान दोन फोटो हवेत.

हार्लेक्विनवर कधी पिवळट-हिरवट, बारीक बोटांसारखे झुबके उगवलेले असतात. ती हेस्पेरोमायसीस नावाची परजीवी बुरशी. भिंगातून ती पाठीच्या वर उभी दिसते, रंगासारखी सपाट नसते. मातीचे कण आणि वाळलेला पिवळा द्रव ओल्या ब्रशने निघतो. ठिपका निघत नाही, कारण काळा रंग कवचाच्या आत असतो.

मेलेल्या किड्यांचा पाठीचा रंग फसवतो. लाल-नारिंगी छटा कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांमुळे येते आणि मेल्यावर ती फिकी किंवा तपकिरी होते. काळे ठिपके मेलॅनिन या गडद रंगद्रव्याचे, ते टिकतात. खिडकीच्या कट्ट्यावर सापडलेल्या जुन्या किड्याच्या ठिपक्यांच्या जागा विश्वासाने लिहा, पाठीचा रंग लिहू नका.

नुकताच कोषातून निघालेला किडा याहून अवघड. त्याची पाठ फिकट पिवळी, ओलसर, आणि बरेचदा पूर्ण कोरी असते. रिकामा कोष शेजारीच चिकटलेला असेल तर ओळख लगेच ठरवू नका. डबीत ठेवून दुसऱ्या दिवशी पाहा.

फोटो

फोन किड्याच्या अगदी जवळ नेला की त्याची सावली पडते आणि कडा वाकड्या येतात. थोडे मागे होऊन दोन-तीन पट झूम वापरणे बरे. ढगाळ उजेड सर्वांत चांगला. फ्लॅश वापरावाच लागला तर त्यावर टिश्यू पेपरचा एक पदर धरा. उजेडाची मात्रा थोडी कमी ठेवा, नाहीतर पांढरे प्रोनोटम जळून कोरे दिसते आणि एमसारखी खूण नाहीशी होते.

चार फोटो काढा. ठीक वरून, ज्यात मधली रेघ सरळ येईल. समोरून, डोके आणि प्रोनोटमसाठी. बाजूने, घुमटाची उंची व कडेचे ठिपके दिसावेत म्हणून. आणि डबीतून खालून, पायांसाठी. त्यांत बाजूचा फोटो सहसा राहून जातो. पाठ गोल असल्याने अगदी कडेचा ठिपका वरून दिसत नाही आणि मोजणी दोनने कमी येते. शेजारी पट्टी ठेवायला विसरू नका.

अळी आणि कोष

ठिपक्यांनी उत्तर दिले नाही तर आसपासच्या अळ्या पाहा. सात ठिपक्यांच्या लेडीबगची पूर्ण वाढलेली अळी करडी-निळसर असते, पोटाच्या पहिल्या आणि चौथ्या खंडावर नारिंगी डाग असतात. हार्लेक्विनची अळी काळी, काटेरी, आणि दोन्ही बाजूंना पहिल्या ते पाचव्या खंडापर्यंत सलग नारिंगी पट्टा. तुटक डाग की सलग पट्टा, एवढा फरक साध्या डोळ्यांनीही कळतो. फक्त अळी लहान असताना हे रंग उमटलेले नसतात. अळी चार अवस्थांतून जाते, नारिंगी खुणा शेवटच्या अवस्थांत ठळक होतात.

ठिपके उमटताना पाहायचे असतील तर कोष लागलेले पान देठासह तोडा, कोष सोडवू नका. तो शेपटीच्या टोकाने पानाला चिकटलेला असतो आणि ओढला तर फाटतो. ब्रशने हळूच स्पर्श केला तर जिवंत कोष झटका देऊन उभा राहतो. बारीक भोक पडलेला कोष घेऊ नका, त्यातून परजीवी आधीच निघून गेलेला असतो. पान हवेशीर डबीत, सावलीत ठेवा, सोबत किंचित ओलसर कापसाचा बोळा, पण पानाला न टेकेल असा. पाणी साचले तर कोषावर बुरशी चढते. हवेच्या उष्णतेप्रमाणे साधारण ४ ते ८ दिवसांत किडा बाहेर येतो.

निघताक्षणी कवचपंख मऊ, मळकट पिवळे असतात. थोड्याच वेळात मागचे पातळ पंख त्यांच्याखालून बाहेर लोंबतात आणि वाळत राहतात. या वेळी त्याला मुळीच हात लावू नका, कवचपंखाला पडलेली खाच कायम राहते. मग पिवळ्यावर राखाडी सावल्या दिसू लागतात, कडा धूसर, मध्य जरा गडद. दर अर्ध्या तासाने एक फोटो घ्या. सावलीचा ठिपका होताना कोणता आधी येतो, कोणते दोन एकमेकांकडे पसरून जुळतात, हे त्या फोटोंत टप्प्याटप्प्याने दिसते आणि जुळलेले ठिपके मोजायचा सराव त्यातूनच होतो. काळा रंग एका दिवसात पक्का होतो. लाल मात्र हळूहळू चढतो. कित्येक दिवस पाठ नारिंगीच राहते, पूर्ण गडद व्हायला आठवडे लागू शकतात. नोंदीत ‘ताजा किडा, पाठ अजून नारिंगी’ असे लिहून ठेवा, म्हणजे नंतर कोणी तो रंग त्या जातीचा म्हणून धरणार नाही. कवच कडक झाले की, साधारण दुसऱ्या दिवशी, मावा असलेल्या झाडावर किडा सोडून द्या.